भिंतीवरची खालची ओळ

आमच्या शाळेच्या भिंतीवर दोन ओळी होत्या. वरची ‘जिल्हा परिषद प्राथमिक शाळा’ आणि खालची ‘जिल्हा लातूर’. दोन्ही माझ्या नवऱ्याच्या हातच्या. तपासणीला आलेले साहेब वरची ओळ वाचून म्हणायचे, अक्षर सुरेख आहे हो. खालची वाचून खिशातून पेन काढायचे आणि आत यायचे. मी त्याच शाळेत बाई होते. सगळी नोकरी मी पोरांच्या पाट्यांवरची वाकडी अक्षरं पुसायला लावण्यात घालवली आणि माझ्याच डोक्यावर ती वाकडी ओळ होती. गावातल्या लोकांना याची गंमत वाटायची. मला नाही वाटली कधी.

आमचं गाव उदगीर तालुक्यातलं, मुखेडच्या बाजूचं. आमचे हे पेंटर होते. उदगीरच्या मोंढ्यातल्या आडत दुकानांच्या पाट्या, पंचायतीच्या भिंती, लग्नाच्या मांडवावरची नावं, सगळं हेच लिहायचे. खडूची भुकटी लावलेली दोरी भिंतीवर ताणायची, मधोमध धरून टण्णकन सोडायची, की सरळ रेघ उमटते. मग डाव्या हातात काठी, तिच्यावर उजवं मनगट आणि बोटांत ब्रश. बाकीचे पेंटर आधी शिरोरेघ ओढून घेत आणि तिला खाली अक्षरं लटकवत. हे आधी अक्षरं लिहीत आणि शिरोरेघ शेवटी, श्वास रोखून, एका दमात. रेघ संपली की श्वास सोडायचे आणि माझ्याकडं वळून म्हणायचे, “बाई, किती मार्क?” सगळं गाव मला बाई म्हणायचं म्हणून हेही बाईच म्हणत, घरातसुद्धा. मी दहापैकी नऊच्या वर कधी दिले नाहीत. आता वाटतं, एकदा द्यायला काय हरकत होती.

कुठं रंगकाम चाललेलं असलं आणि टर्पेंटाईनचा वास आला, की आजही माझे पाय थांबतात. भाचसून म्हणते, चला, डोकं दुखेल. मी म्हणते, दुखू दे.

त्या वासाबरोबर दुसराही वास असायचा. तोही सांगायलाच हवा, नाहीतर हे लिहिण्यात अर्थ नाही.

सकाळी उठल्यावर यांचे हात थरथरायचे. चहाची बशी धरली की कपावर वाजायची. मग हे कोनाड्यातली बाटली काढून स्टीलच्या पेल्यात ओतायचे आणि पेला दोन्ही हातांनी धरून रिकामा करायचे. दहा मिनिटांत हात असा थांबायचा की त्यावर पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या ठेवावा. “हात बसवायला लागती थोडी,” असं म्हणायचे. पेंटर लोकांत हे सगळेच म्हणत. आणि मी डोळ्यांनी बघत होते, हात खरंच बसायचा. त्यामुळं मलाही ते पटलं होतं. रंगाला टर्पेंटाईन तशी हाताला दारू, धंद्यातलीच वस्तू. हात थरथरतो तोच मुळी कालची दारू उतरते म्हणून, हे मला फार उशिरा कळलं. चोराच्याच हाती जामदारखान्याच्या किल्ल्या दिलेल्या आणि आम्ही चोराचे आभार मानत होतो.

यांनी मला कधी मारलं नाही, शिवी दिली नाही. म्हणून कुणाकडं गाऱ्हाणंही करता येईना. शेजारणी म्हणायच्या, तुझं नशीब चांगलं, पिऊन गप झोपतो. पण मी बघत होते, माणूस आतून ओसरून चालला होता. जेवण चतकोर भाकरीवर आलं. तोंड सुजल्यासारखं आणि पिंढऱ्या काडीच्या. तळहात उगीच लालसर. पायांना मुंग्या येतात म्हणायचे, आणि एके दिवशी मोंढ्यातून एकाच पायात चप्पल घालून घरी आले. दुसरी कुठं पडली ते पायाला कळलंच नव्हतं. मी हसले. हेही हसले. दुसऱ्या दिवशी बसस्टँडवर ती चप्पल सापडली आणि आम्ही तो विषय सोडून दिला.

त्याच सुमाराला लातूर जिल्हा वेगळा झाला. लोकांना आनंद झाला, कचेरीच्या कामाला उस्मानाबादेची पायपीट संपली म्हणून. यांना आनंद झाला तो वेगळ्याच कारणानं. शाळा, पंचायती, रेशन दुकानं, सोसायट्या, तालुक्यातल्या जेवढ्या भिंतींवर ‘जिल्हा उस्मानाबाद’ होतं तेवढ्या भिंतींवर आता ‘जिल्हा लातूर’ लिहायचं होतं. “बाई, सरकारनं आपल्यासाठीच जिल्हा काढला बग,” असं म्हणून हे सायकलवर डबे बांधून निघायचे. जिथं काम तिथं कुणीतरी संध्याकाळी बाटली पुढं करायचंच. ती त्या कामाची रीतच होती, पेंटरला चहा विचारणं कमीपणाचं.

आणि पाठोपाठ पावसानं पाठ फिरवली. एक वर्ष गेलं, दुसरंही गेलं. विहिरीचा तळ दिसला, मग तळालाही भेगा पडल्या. दिवसातून एकदा टँकर यायचा, तोही कधी येईल याचा नेम नाही. टँकर विहिरीत पाणी सोडायचा आणि आम्ही सगळ्या बायका दोर-घागरी घेऊन धावायचो. कुणीही, कुठूनही “पानी आलं” म्हणून ओरडलं की हातातली भाकरी तव्यावर टाकून पळायचं, एवढंच कळत होतं. हे म्हणायचे, माझ्या धंद्याला पाणी लागत नाही, दुष्काळ आपल्याला शिवणार नाही. खरं म्हणजे दुष्काळ यांच्या पेल्यातसुद्धा शिरला होता. घरात प्यायला तांब्याभर पाणी नाही, तिथं दारूत कोण घालणार? हे कोरीच प्यायला लागले. आणि मी, शिकलेली बाई, मनात म्हणत होते, चला, तेवढं पाणी वाचलं.

मग एका गावात हे भिंत रंगवायला गेले, ‘उस्मानाबाद’ चुन्यानं पुसलं, चुना वाळू दिला आणि त्याच जागी पुन्हा सुरेख अक्षरांत ‘उस्मानाबाद’ लिहून आले. गावभर हशा झाला. हेही दोन दिवस तोच किस्सा सगळ्यांना सांगत होते. मी मात्र त्या रात्री यांच्या पेल्याकडं बघत जागी राहिले. माणूस दारू पितो हे मला माहीत होतं. दारूही माणसाला घोटाघोटानं पिते, हे तेव्हा दिसलं.

वैशाखी पौर्णिमा जवळ आली होती. मी म्हणाले, “अवो, औंदा विहारात पाचवं शील मोठ्यानं म्हणा. आणि त्या दिवसापासून बंद.”

पाच शीलांतलं पाचवं नशेपासून दूर राहण्याचं. हे दर वेळी सगळ्यांबरोबर उभे राहून म्हणायचे, पण पाचव्याला आवाज बारीक व्हायचा. मी शेजारी असले की ऐकायचे तो बारीक आवाज.

“एकदम बंद?” यांनी विचारलं.

“तुमच्या बापानं किती दिस घेतले व्हते देव सोडायला?”

हे मी उगीच नाही म्हणाले. आमच्या दोन्ही घरांत ही अभिमानाची गोष्ट होती. दीक्षेच्या वर्षी माझ्या सासऱ्यांनी देव्हाऱ्यातले सगळे देव टोपलीत भरले, नदीवर नेऊन सोडले, घरी येऊन भाकरी खाल्ली आणि पुन्हा त्या कोनाड्याकडं बघितलं नाही. माझ्या वडलांनीही तसंच केलं. पिढ्यान्‌पिढ्यांची गावकीची कामं सोडली तीही एका सकाळी. आमच्या लोकांनी जे सोडलं ते एका दिवसात सोडलं. हळूहळू सोडतो म्हणणारा सोडत नाही, हे मी आईच्या दुधाबरोबर प्यायले होते. मग दारूच तेवढी कोण लागून गेली?

हे माझ्याकडं बघून हसले. “म्हातारा रोज सकाळी उठून देव पीत नव्हता, बाई.”

मला राग आला. पण दोन दिवसांनी हेच म्हणाले, “बरं. तू म्हणतीस तर सोडतो.” तू म्हणतीस तर. हे तीन शब्द मी अजून विसरलेले नाही.

पौर्णिमेला यांनी पाचवं शील एवढ्या मोठ्यानं म्हटलं की पुढच्या रांगेतल्यांनी मागं वळून बघितलं. घरी येऊन कोनाड्यातली बाटली दारासमोर मातीत ओतली. कित्येक महिन्यांत त्या मातीला ओल लागली ती तेवढीच. शेजारणी तोंडाला पदर लावून हसल्या. मी यांना पुरण करून घातलं. यांनी दोन घास खाल्ले.

पहिल्या दिवशी घाम आणि कंप. मी म्हटलं, जुनी घाण बाहेर पडते आहे. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. दुसऱ्या दिवशी पोटात पाणी ठरेना, हात चादरीवरून काहीतरी वेचत होते, दिसत तर काहीच नव्हतं. संध्याकाळी बसल्या जागी ताठ झाले, डोळे वर गेले, दात खिळले आणि सगळं अंग हिसके द्यायला लागलं. दोन-तीन मिनिटांनी सैल पडले.

घर माणसांनी भरलं. एक बाई म्हणाली, ही भानामती हाय, पलीकडच्या गावातल्या जाणत्याला बोलवा. आमच्या भागात कशालाही भानामती म्हणतात. मी तिला दार दाखवलं. मग शेजारची म्हातारी, तिचा नवरा असाच पिऊन गेला होता, ती माझा हात धरून म्हणाली, “पोरी, असं येकदम तोडू नगं. घोटभर दे, न्हाईतर दवाखान्यात ने. मी बगितलंय हे.”

मी तिलाही तसंच उत्तर दिलं. म्हटलं, आमच्यात शील घेतलं की घेतलं. म्हातारी उठून गेली. भानामती आणि म्हातारीचं शहाणपण मी एकाच टोपलीत भरून नदीत सोडलं. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक कोणती असं कुणी विचारलं तर मी हीच सांगेन.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी मी चुलीपाशी होते. हे बाजेवर होते. एकदम ओरडले, “बाई, पानी आलं. घागरी काढ.”

मी उठले, दोन घागरी काखेत मारल्या, दोर घेतला आणि धावले. उंबऱ्याबाहेर आले. गल्ली रिकामी होती. एक कुत्रं सावलीला पडलेलं. टँकरचा आवाज नाही, बायका नाहीत, काही नाही. मी तशीच उन्हात उभी होते आणि आतून यांचा आवाज येत होता, “लई पानी हाय. बाजंखालून चाललंय. आगं भर की, कामून हुभी राहिली?”

आत आले तर हे बाजेवर पाय वर घेऊन बसले होते, ओले होऊ नयेत म्हणून. माझ्याकडं बघून म्हणाले, “मावशी, आमच्या बाईला बोलवा. साळंत आसंल ती.”

यांनी मला ओळखलं नव्हतं. माझ्या हातातल्या घागरी खाली पडल्या. तेव्हा माझा अभिमान गेला. मी म्हातारीच्या दारात जाऊन तिचे पाय धरले आणि म्हटलं, चला, काय करायचं ते सांगा.

खरा टँकर तासाभरानं आला. पाणी विहिरीत पडेपर्यंत मी ड्रायव्हरजवळ उभी होते. त्या दिवशी एकही बाई घागर घेऊन पुढं आली नाही. सगळ्या म्हणाल्या, आधी माणूस घ्या. रिकाम्या टँकरच्या केबिनमध्ये यांना मी आणि म्हातारीनं मध्ये धरून बसवलं. तिथून मुखेड, तिथं एक इंजेक्शन, आणि तिथून जीपनं नांदेड. जिल्हा आमचा लातूर झाला होता, पण जीव वाचवायचा तर आमची वाट नांदेडचीच होती.

नांदेडच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होते. आधी त्यांनी यांना सुया टोचल्या, सलाईन लावलं, मग मला बाहेर बाकावर बसवलं. म्हणाले, “बाई, सोडायला लावलीत ते बरोबर केलंत. घरात, एकदम, औषधाशिवाय, हे चुकलं. रोज इतकी पिणाऱ्याचा मेंदू दारूला रेटा देऊन उभा असतो. दारू एकदम काढून घेतली की तो तोंडावर पडतो. झटका येतो, नाही ते दिसतं, माणूस दगावतोसुद्धा. असल्याला आधी इथं आणायचं असतं.” मी विचारलं, देव सोडताना तर कुणाला काही झालं नव्हतं. ते हसले नाहीत. म्हणाले, “देव मनात असतो. हे अंगात होतं.”

त्यांनीच मग बाकीचं सांगितलं. यकृत आतून कडक होत चाललं आहे, ते फार उशिरापर्यंत तक्रार करत नाही. पायाच्या नसा गेल्यात, म्हणून चप्पल कळली नाही. जेवण सुटल्यानं आणि दारूनं जीवनसत्त्वं संपली, म्हणून विसर पडतो. आणि हाताचा कंप थोडा कमी होईल, पण पुरता जाणार नाही. मी एवढी वर्षं यांच्या हाताला जपत होते. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, तसं चाललं होतं आमचं.

पाचव्या दिवशी यांनी डोळे उघडले, खोलीभर बघितलं आणि मला म्हणाले, “बाई, साळा बुडवून हितं काय करून राहिलीस?” मी बाहेर जाऊन भिंतीकडं तोंड करून रडले.

यांनी पुन्हा थेंबाला हात लावला नाही. कामं मात्र गेली. उदगीरच्या दुकानदारांनी दुसरे पेंटर बघितले. आमच्या शाळेच्या भिंतीवर ‘उस्मानाबाद’ पुसलेलं होतं आणि खाली जागा मोकळी होती. हेडमास्तर म्हणाले, लातूरचा माणूस बोलवू. हे म्हणाले, “नगं. मी लिहितो.”

एका रविवारी आम्ही दोघंच शाळेत गेलो. दोरीचं एक टोक मी धरलं. यांनी काठी लावली, मनगट टेकवलं, ब्रश उचलला आणि ब्रश भिंतीपर्यंत पोचेस्तोवर तीनदा हलला. एक अक्षर झालं की खाली बसायचे, हात मांडीखाली दाबून धरायचे, पुन्हा उठायचे. ‘जिल्हा लातूर’ लिहायला सकाळपासून दुपार झाली. शिरोरेघ एका दमात गेली नाही. ती चार ठिकाणी तुटली आणि प्रत्येक ठिकाणी यांनी ती पुन्हा जोडली.

खाली उतरून हे माझ्याशेजारी उभे राहिले. “किती मार्क?”

खोटं बोलायची मला सवय नव्हती. “वाकडी आलीय,” मी म्हटलं.

“हाव.” यांनी आधी वरच्या ओळीकडं बघितलं, मग खालच्या. “वरली दारूची हाय, बाई. ही माजी हाय.”

त्यानंतरची चार वर्षं मला कुणी परत दिली तर बाकीचं सगळं आयुष्य मी देऊन टाकीन. पाऊस परत आला होता. मी शाळेतून आले की चहा तयार असायचा, अर्धा बशीत सांडलेला. भाकरी चवीनं खायचे, ठेचा मागून घ्यायचे. लग्नाला इतकी वर्षं झाली होती आणि मला संध्याकाळी बोलायला नवरा आत्ता मिळाला होता. काय काय बोलायचे. लहानपणी कोळशानं भिंती रंगवून मार खाल्ला ते, पहिल्यांदा मला बघितलं तेव्हा माझी चप्पल तुटलेली होती ते. एवढं सगळं यांच्या आत होतं आणि त्यावर बूच लावलेलं होतं.

पण यकृतानं मागचं विसरायला नकार दिला. चौथ्या वर्षी डोळे पिवळे झाले, पाय सुजले, पोटात पाणी झालं. नांदेडला जाऊन पाणी काढून आणायचो, पुन्हा भरायचं. फुगलेल्या पोटावर हात ठेवून हे म्हणाले, “टँकर आला बाई. घागरी काढ.” मी हसले आणि मग मला हसू आवरेना, आणि मग ते हसू राहिलं नाही. मी विचारलं, त्या तीन दिवसांनी तुमचं आयुष्य कमी झालं का? हे म्हणाले, “तीन दिसांनी काय व्हतंय? वीस वर्सं पेल्यात घातली मी. तू तर चार काढून दिली.” डॉक्टरही असंच काहीसं म्हणाले होते. तरी मी अजून विचारते. उत्तर देणारा नाही, म्हणूनच विचारते बहुतेक.

मी निवृत्त झाले त्या वर्षी शाळेला रंग द्यायचं ठरलं. पेंटर आला, तरणा माणूस, तोंडाला वास नव्हता, ते मी आधी बघितलं. त्यानं भिंतीकडं मान वर करून बघितलं आणि म्हणाला, “वरची ओळ छान हाय म्याडम, तिच्यावरच हात फिरवतो. खालची पुसून नवी करतो.”

मी म्हटलं, “वरची पुसा. नवी लिहा, तुमच्या मनानं. खालची राहू द्या.”

“आवो, वाकडी हाय ती.”

“हाव,” मी म्हटलं. “तिला दहापैकी दहा हायेत.”